लातूर डाव्या हाताला

फेरी १

ऋजुता दहा चाळीसला गोंदियाहून उडते. नांदेड मागे पडल्यावर पहिला धक्का बसतो. विमान आठशे फूट खाली जातं, सावरतं. लातूर डाव्या हाताला राहतं. एक अठ्ठावन्नला कराड. वारा डावीकडून, पंचवीस नॉट. उजव्या पायाने एक हलकी ठोकर, मग पूर्ण दाब. नाक सरळ होतं. चाकं टेकतात.

सुखरूप.

फेरी २

तशीच. वारा सत्तावीस नॉट. ठोकर, दाब. सुखरूप.

फेरी ३ ते ६,२०७

बहुतेक तशाच.

मी हे कुठून वाचतो आहे

या दहा हजार फेऱ्या कुणाही माणसाने उडवलेल्या नाहीत. त्या यंत्राने उडवल्या, २०३९ सालच्या ऑक्टोबरात, एका सकाळी चार मिनिटांत. त्या सगळ्या आता माझ्या टॅबलेटवर आहेत. चौकशी अधिकारी तडवी मॅडम यांनी मला आणि ऋजुताला त्यांची प्रत दिली. ऋजुता माझी बायको. त्याआधी दोन वर्षं माझी विद्यार्थिनी होती. मी हेरंब. खानदेशातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवतो. शिकवत होतो.

यंत्राला आम्ही तालीम म्हणतो. अधिकृत नाव लांब आहे, कुणी वापरत नाही. छोट्या विमानांना ते सक्तीचं झालं त्याला नऊ वर्षं झाली. उडायच्या आधी ते तुमचं उड्डाण दहा हजार वेळा करून बघतं. त्यासाठी त्याला तीन गोष्टी लागतात. एक, हवा. मोबाइलच्या प्रत्येक टॉवरवर आणि उडत्या प्रत्येक विमानावर बसवलेले संवेदक हवेचा दाब, ओल आणि वारा सांगत राहतात, आणि त्यातून दोनशे मीटरच्या चौकोनापर्यंत आभाळाचा नकाशा तयार होतो. दोन, विमान. तीन, चालवणारा.

तिसरी गोष्ट नवी होती. माणसाची चाल जशी वेगळी, तसं त्याचं विमान हाताळणंही वेगळं. झोत आला की किती वेळात पाय हलतो, किती दाब देतो, जास्त झालं की किती मागे घेतो, कधी पुढे रेटतो आणि कधी परत फिरतो. शिकायला लागल्याच्या पहिल्या दिवसापासून विमानातली पेटी हे नोंदत असते. त्यातून प्रत्येकाचा एक ठसा बनतो. तालीम तुमचा ठसा घेते, तुमच्या विमानात बसवते आणि त्या दिवसाच्या हवेत सोडते. प्रत्येक फेरीत वारा किंचित वेगळा. शेवटी एक आकडा येतो: दहा हजारांतून किती वेळा माणसं सुखरूप जमिनीवर आली. कुठल्याही जमिनीवर. ठरल्या गावीच पोचलं पाहिजे असं नाही.

आकडा नऊ हजार नऊशे पन्नासच्या खाली गेला तर इंजिन सुरू होत नाही. दवाखान्याचं काम असेल तर मर्यादा नऊ हजार नऊशे.

वरती गेल्यावरही यंत्र दर दोन मिनिटांनी उरलेला रस्ता पुन्हा उडवून बघतं आणि पडद्यावर एक शब्द दाखवतं. हिरव्यात ‘पुढे’ किंवा लाल रंगात ‘फिर’.

त्या सकाळी आकडा आला नऊ हजार नऊशे एकतीस.

सकाळी दहा वीसचा फोन

"तालीम काय म्हणते?" मी विचारलं.

"एकतीस." नऊ हजार नऊशे आम्ही कुणी उच्चारत नाही.

"मग?"

"मग काही नाही. मला नको वाटतंय. नांदेडनंतरचा पट्टा बघ ना. काळाकुट्ट आहे नुसता."

"तुला नेहमीच नको वाटतं."

"सर, टोमणे नकोत." चिडली की ती मला सर म्हणते. "कराडची बाई अडली नसती तर मी केव्हाच नाही म्हणून मोकळी झाले असते. पेशंट बॉम्बे रक्तगटाची आहे. हे भोयर म्हणून गृहस्थ आलेत रक्त द्यायला, ते केव्हाचे विमानाभोवती फेऱ्या मारतायत. मी काय करू?"

मी तेव्हा धुळ्यात होतो, घरी, दाढी करत. फोन बेसिनवर ठेवला होता.

"ऋजू," मी म्हणालो, "यंत्र तुला तुझ्यापेक्षा जास्त ओळखतं. एकतीस म्हणजे एकतीस. जा. पोचलीस की फोन कर."

"नक्की ना?"

"नक्की."

खरी फेरी, विमानातल्या पेटीवरून

बॉम्बे रक्तगट दहा हजारांत एकाचा असतो आणि त्याला दुसरं कुठलंच रक्त चालत नाही. त्या दिवशी आसपास कुठल्याच रक्तपेढीत तो नव्हता. गोंदियात रक्त काढून, तपासून पाठवण्यापेक्षा माणूसच नेणं लवकर होणार होतं. देवाजी भोयर, वय चव्वेचाळीस, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई. याआधी अकरा वेळा रक्त दिलेलं. विमानात पहिल्यांदा.

"मले त वाटलं इमान मोठं रायते," पेटीत त्यांचा आवाज आहे. "हे त ऑटो हाय मॅडम."

"ऑटोपेक्षा कमी हलतं," ऋजुता म्हणते.

"खिडकी उघडते का जी?"

"उघडत नाही. आणि उघडली तरी थुंकायचं नाही हं."

"नाई जी, खर्रा सोडला मी. बायकोची शप्पथ."

मग पाऊण तास भोयर खाली दिसणाऱ्या नद्यांची नावं विचारतात. ऋजुता पैनगंगा बरोबर सांगते, दुसरी एक चुकवते. नांदेडनंतर दोघांचं बोलणं थांबतं. नुसता वाऱ्याचा आवाज आणि मधे मधे भोयरांचं "अरे बापा."

बारा चव्वेचाळीस.

"भोयर, ते डावीकडे दिसतंय ना, ते लातूर. तिथे धावपट्टी आहे. उतरून चहा घ्यावासा वाटतोय मला."

"तुमाले भेव लागते का मॅडम?"

"थोडं."

"मलेबी. पण तिकडं बाई अडली हाय ना जी." मग थोडं थांबून, "हे मशीन का म्हणते?"

"पुढे म्हणतंय."

"मंग?"

पेटीत अकरा सेकंद काहीच नाही. मग ऋजुता म्हणते, "चला. मशीनला माझे पाय माहीत आहेत."

एक अठ्ठावन्नला ती कराडच्या पट्टीवर आली. वारा डावीकडून, सव्वीस नॉट. अशा वाऱ्यात विमान नाक वाऱ्याकडे वळवून तिरकं उतरत येतं, आणि टेकायच्या क्षणी पायाने सुकाणू दाबून नाक सरळ करावं लागतं. लवकर दाबलं तर वारा ढकलून नेतो, उशिरा दाबलं तर चाकं आडवी पडतात. ऋजुताचा पाय उशिरा गेला. विमान पट्टी सोडून उसात शिरलं. झोताने डावा पंख उचलला आणि ते उजव्या अंगावर उलटलं.

उजव्या सीटवर भोयर होते.

कराडच्या त्या बाईचा भाऊ कोल्हापुरात राहतो. त्याचं रक्त कुणी तपासलंच नव्हतं. अडीच वाजता कुणीतरी तपासलं. त्याचाही तोच गट निघाला. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.

चौकशीचा पहिला कागद

प्रश्न: उड्डाणापूर्वी वैमानिकाने आपला सल्ला घेतला होता काय?
दिलेलं उत्तर: फोन झाला. निर्णय तिचा होता.
खरं उत्तर: तिने मला विचारलं आणि मी तिला पाठवलं.

प्रश्न: वैमानिकाच्या ठशामध्ये वीस नॉटवरील आडव्या वाऱ्याचे एकोणीस नमुने आहेत. सर्व प्रशिक्षणकाळातील, आपल्यासोबतचे. त्यानंतर तिला असा वारा कधी लागला?
दिलेलं उत्तर: माझ्या माहितीत नाही. इतक्या वर्षांत यंत्राने तिला चांगल्या हवेतच उडू दिलं.
खरं उत्तर: वरचंच.

प्रश्न: त्या एकोणीस वेळा नियंत्रणं कोणाकडे होती?
दिलेलं उत्तर: विद्यार्थिनीकडे. मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो.
खरं उत्तर: हात मांडीवरच होते.

प्रश्न: यंत्राचा आकडा ऐकल्यावर आपल्याला काही शंका आली होती काय?
दिलेलं उत्तर: नाही.
खरं उत्तर: वस्तरा गालावर होता तेवढा वेळ आली होती. मग मी तोंड धुतलं.

निष्कर्ष: यंत्राचा सल्ला योग्य. वैमानिकाची हाताळणी तिच्या स्वतःच्या नोंदींपेक्षा कमी पडली. कारण अज्ञात.

कारण अज्ञात

डिसेंबरात ती घरी आली. डावा पाय कमरेपासून प्लास्टरमध्ये. तिने माझ्याकडून जुनी सराव-पेडलं मागून घेतली आणि पलंगाला टेकून बसवली. त्यांना टॅबलेट जोडला. पडद्यावर वाऱ्याचा झोत येणार आणि तिने उजवा पाय दाबायचा. दिवसभर तेवढंच.

"एक पूर्णांक चार," एका दुपारी ती म्हणाली. मी तिच्यासाठी पेज घेऊन आलो होतो. "परत एक पूर्णांक चार सेकंद. नमुन्यांमध्ये किती आहे माहितीय? शून्य पूर्णांक सहा."

"दुखणं आहे ऋजू अजून अंगात."

"उजवा पाय कुठे दुखतोय?" ती पडद्याकडेच बघत होती. "एकोणीस वेळा जमलंय मला. एकदा नाही, दोनदा नाही, एकोणीस वेळा. मग आता का नाही जात पाय?"

मी पेज स्टुलावर ठेवली.

"आईचं असंच सुरू झालं होतं," ती म्हणाली. "आधी चमचा उशिरा. मग पाऊल उशिरा. आम्हाला वाटायचं मुद्दाम करते. कंपवात आहे हे कळायला तीन वर्षं गेली." तिने पेडलवरचा पाय काढला. "मी डॉक्टरांशी बोललेय. गुरुवारी मेंदूचा एमआरआय आहे. लहान वयातही होतो म्हणे. मला हे आधी कळलं असतं तर मी भोयरांना घेऊन उडाले नसते. मी आजारी होते आणि मला कळलं नाही, हेरंब. तुला कधी काही जाणवलं होतं का? खरं सांग."

बुधवारपर्यंत मी सांगितलं नाही.

बुधवार

"ते नमुने तुझे नाहीत," मी म्हणालो.

"कुठले?"

"एकोणीस."

"मग कुणाचे? पेटी बदलली गेली?"

"माझे आहेत."

ती हसली. खरंच हसली, कराडनंतर पहिल्यांदा. "तुझे कसे असतील? तू तर देवळात बसल्यासारखा मांडीवर हात ठेवून बसायचास."

"हात मांडीवर असायचे. पाय नव्हते."

शिकवायच्या विमानात दोन्ही बाजूंना पेडलं असतात आणि ती आतून जोडलेली असतात. एकाने दाबलं की दुसऱ्याचंही खाली जातं. पेटीला पाय कुणाचा ते कळत नाही. शिकणाऱ्यालाही कळतंच असं नाही. आम्ही सगळे शिक्षक थोडाबहुत पाय लावतो. विद्यार्थ्याला उतरवायचं, वर "मी काही केलं नाही बरं का" म्हणायचं, त्याचा चेहरा फुलतो ते बघायचं. तालीम यायच्या आधी त्यात काही वाईट नव्हतं. तालीम आली आणि आमची सवय तशीच राहिली.

आणि मी प्रेमात होतो. वारा दिसला की ती म्हणायची, "सर, फिरूया का?" मी म्हणायचो, "थांब, जमेल तुला." मग तिला जमायचं. ती खाली उतरून शेडपर्यंत धावत जायची.

"मला वाटायचं माझाच पाय जातोय," ती म्हणाली.

"हो."

"पट्टीवर चाकं टेकली की मला वाटायचं..." तिने वाक्य सोडून दिलं. "दर वेळी? एकदाही नाही?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. एखादं तरी तिचं होतं, असं म्हणता आलं असतं.

"दर वेळी," मी म्हणालो. "ठोकर देऊन मग दाबायची सवय माझी आहे. माझ्या सरांकडून आलेली. फेऱ्यांमध्ये बघ, प्रत्येक वेळी आधी ठोकर आहे. तू तशी कधी देत नाहीस."

तिने खरंच टॅबलेट घेतला. फेरी ५,००२ उघडली. मग ५,००३. पेडलाच्या रेषेवर आधी एक छोटं टेकाड, मग डोंगर. ती पंधरा-वीस फेऱ्या बघत राहिली.

"मग मला कंपवात नाहीये," ती शेवटी म्हणाली.

"नाहीये."

"एमआरआय रद्द कर."

मी फोन घेऊन बाहेर आलो. मागून दार लागल्याचा आवाज आला. ती कुबड्यांवर एवढी चालू शकते हे मला माहीत नव्हतं.

दुसरी तालीम

मी तडवी मॅडमना सगळं लिहून दिलं. माझा परवाना गेला, तो जायलाच हवा होता. त्यांनी एक काम केलं जे करायची त्यांना गरज नव्हती. ऋजुताच्या ठशातून माझ्यासोबतची सगळी उड्डाणं काढून टाकली. उरली ती फक्त तिने एकटीने केलेली, शिकतानाची बावन्न तासांची आणि नंतरची सगळी. तो ठसा त्या सकाळच्या हवेत पुन्हा सोडला.

मला खात्री होती की आकडा कोसळेल. सहा हजार, सात हजार. इंजिन सुरूच झालं नसतं. ती गोंदियातच थांबली असती. मी मनात तेवढ्याची तयारी केली होती.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तडवी मॅडम स्वतः धुळ्याला आल्या. ऋजुताच्या खोलीत खुर्ची ओढून बसल्या. मी दारात उभा.

"नऊ हजार नऊशे अठ्ठ्याहत्तर," त्या म्हणाल्या.

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. "एकतीसपेक्षा जास्त?"

"पुष्कळच जास्त. जवळजवळ सगळ्या फेऱ्यांत या कराडला जातच नाहीत. नांदेडनंतरचे धक्के बसले की पाऊण वाजायच्या सुमाराला डावीकडे वळतात आणि लातूरला उतरतात. पुढे रेटणं त्या एकोणीस उड्डाणांतलं होतं, यांचा स्वतःचा ठसा असाच आहे. एकटीने उडताना हवा बिघडली की या दर वेळी वेळेवर फिरल्या आहेत. असा वैमानिक यंत्राला फार आवडतो." त्यांनी चष्मा काढला. "हा ठसा असता तर लातूरच्या आधीच पडद्यावर ‘फिर’ आलं असतं."

ऋजुताने टॅबलेट मांडीवर उलटा ठेवला. मग ती माझ्याकडे न बघता माझ्याशी बोलली.

"मला फिरायचंच होतं."

"हो."

"तिथे. आणि गोंदियातही. मी तुला फोन केला होता."

"हो, ऋजू."

"मला जे येत होतं ते तू काढून घेतलंस आणि मला जे येत नव्हतं ते दिलंस."

तडवी मॅडम उठायला लागल्या. ऋजुताने त्यांचा हात धरून बसवलं.

"मॅडम, लातूरला भोयर काय करतात?"

"म्हणजे?"

"या फेऱ्यांमध्ये. विमान उतरल्यावर. ते घरी फोन करतात का? चहा घेतात का?"

तडवी मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

"यात भोयर नाहीत, बाळा," त्या म्हणाल्या. "उजव्या सीटवर एक्काहत्तर किलो वजन आहे."

नवी फेरी १

ऋजुता दहा चाळीसला गोंदियाहून उडते.

तडवी मॅडमनी दिलेली नवी फेरी टॅबलेटवर भराभर पळवता येते. ती पळवत नाही. सकाळी दहा चाळीसला लावते आणि खऱ्या वेळाने चालू देते. आतून कडी घातलेली असते. आई गेल्यापासून तिच्या माहेरी भाऊच आहे, नाशिकला. प्लास्टर निघालं की ती तिकडे जाणार आहे. जायच्या आधी गोंदियाला जाणार, भोयरांच्या घरी. एकटी. सोबत येतो म्हणालो तर तिने नुसती नाही म्हणून मान हलवली.

आमच्यात आता जेवणापुरतं बोलणं होतं. "मीठ हवंय का?" "नको."

नवी फेरी २, ३, ४

रोज एक.

नवी फेरी २६

मी आता घरीच असतो. साडेबाराला गॅस बंद करून तिच्या दाराशी जाऊन उभा राहतो. आतून इंजिनाचा सलग आवाज येत असतो आणि त्यावर मधेच तिचा. सुरुवातीला मला वाटलं ती फोनवर बोलते आहे. ती उजव्या सीटशी बोलते. ती खालची नदी कुठली ते सांगते. आता तिने नकाशा बघून सगळ्या नद्या पाठ केल्या आहेत.

बारा एकेचाळीसला वारा वाढतो.

"भोयर," ती आतून म्हणते, "ते डावीकडे लातूर आहे. आपण उतरतोय."

इंजिनाचा आवाज खाली येतो. विमान वळतं.